सोमल जातो कुठे?

लॅमिंग्टन रोड म्हटलं की मुंबईच्या माणसाला ग्रँट रोडजवळचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आठवतो. पण 1903 ते 1907 या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव हुबळीतल्या एका रस्त्यालाही चिकटलं. मुंबईतला रस्ता कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला, हुबळीतला मात्र अजून लॅमिंग्टन रोडच आहे. दुकानं, बँका, रिक्षांची वर्दळ, एखाद्या हॉटेलच्या मुदपाकखान्यात फुललेली निळी ज्योत, असा हा रस्ता. तेलविहिरींचा आणि त्याचा काही संबंध असेल असं कुणाला वाटणार नाही. सर्वांत ओळखीची तेलखाण, ‘मुंबई हाय’, मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर पश्चिमेला भर समुद्रात आहे. पण दाभोळहून बंगळूरकडे जाणारी सुमारे 1000 किलोमीटरची वायुवाहिनी 2013 मध्ये सुरू झाली ती बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतूनच, आणि आता हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांत पाइपचा गॅस घराघरांत येऊ लागला आहे. ती ज्योत खरोखरच स्वच्छ आहे. काजळी नाही, वास आहे तो मुद्दाम मिसळलेला, आणि सोमल तर नाहीच. या प्रकरणाचं म्हणणं एवढंच आहे, की गॅस ‘स्वच्छ’ असतो याचा अर्थ त्यातला मळ वाटेत कुठेतरी उतरवून ठेवलेला असतो. तो कुठे उतरवला, याचा हिशेब मात्र आपण जवळजवळ ठेवतच नाही.

सोमल हा शब्द आता नाटक-कादंबऱ्यांतल्या विषप्रयोगापुरता उरला आहे. रसायनाच्या भाषेत तो आर्सेनिकचा ऑक्साइड. त्याचाच पिवळा भाऊ हरताळ, म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की त्यावर हरताळ फासत. चूक झाकली जाई, पण हरताळ पानावरच राही. त्यावरून आलेला वाक्प्रचार आपण रोज वापरतो आणि त्यातलं विष विसरतो. हे मूलद्रव्य तेलवाल्यांनी निर्माण केलेलं नाही. ज्या चिखलात लाखो वर्षं जीवांचे अवशेष कुजून तेल झालं, त्याच चिखलात लोखंड आणि गंधक यांच्याबरोबर तेही अडकून पडलं. तेलात ते अब्जात काही भागांपासून दशलक्षात काही भागांपर्यंत, म्हणजे जागेनुसार फारच कमीजास्त आढळतं. नैसर्गिक वायूत त्याचं रूप बहुधा ट्रायमिथाइल आर्सिनचं. लसणीसारखा वास येणारा हाच वायू एकोणिसाव्या शतकात हिरव्या भिंतकागदांवरची बुरशी हवेत सोडत असे आणि त्यामुळे बंद खोल्यांत माणसं आजारी पडतात अशी तेव्हाची समजूत होती. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या आबो वायुक्षेत्रात 1980च्या दशकात वाहिन्यांच्या झडपा आणि नळ्या तुंबू लागल्या. तिथे साचलेली पूड तपासली तर ती आर्सेनिक आणि गंधकाच्या संयुगांची निघाली. म्हणजे जमिनीखालचं हरताळाचं गणगोत पाइपात येऊन बसलं होतं.

तेल-वायू उद्योगाने आर्सेनिकची दखल घेतली ती आधी या अशा कारणांनी, आणि हे नीट लक्षात घ्यायला हवं. शुद्धीकरण कारखान्यात नाफ्त्यापासून चांगलं पेट्रोल करायला प्लॅटिनमचा उत्प्रेरक लागतो. नाफ्त्यात अब्जात काही भाग आर्सेनिक असलं, तरी ते प्लॅटिनमला असं चिकटतं की तो महागडा उत्प्रेरक मरतो. पाऱ्याचंही तसंच. 1973 मध्ये अल्जीरियातल्या स्किकदा इथे वायू द्रवरूप करणाऱ्या कारखान्यात पाऱ्याने ॲल्युमिनियमची यंत्रणा पोखरली, आणि तेव्हापासून द्रवीकरणाआधी पारा काढणं हा जगभर शिरस्ता झाला. थायलंडच्या आखातातल्या वायूबरोबर निघणाऱ्या हलक्या तेलात पारा आणि आर्सेनिक दोन्ही भरपूर, म्हणून तिथे दोन्ही काढावे लागतात. पद्धत अवघड नाही. तांबं, शिसं किंवा निकेल यांच्या संयुगांच्या गोळ्यांनी भरलेल्या उंच टाकीतून तेल किंवा वायू जाऊ द्यायचा, आर्सेनिक गोळ्यांवर बसतं, पुढे जातो तो शुद्ध माल. पण गोळ्यांना एक दिवस पोट भरतं. मग टाकी उघडायची, आतली काळी भुकटी उपसायची, पिंपात भरायची. ज्या आर्सेनिकपासून यंत्र वाचवलं, ते आता त्या पिंपात एकवटलेलं आहे, मूळ तेलात होतं त्याच्या कित्येक पट दाट. दाभोळला जहाजाने येणारा द्रव वायू आपल्यापर्यंत शुद्ध येतो, कारण दुसऱ्या कुठल्यातरी देशाच्या किनाऱ्यावर असली पिंपं भरली गेलेली असतात.

विहिरीच्या तोंडाशी हा हिशेब आणखी ढिला असतो. तेलाबरोबर पाणी येतं, आणि क्षेत्र जुनं झालं की तेलाहून पाणीच जास्त येऊ लागतं. खडकात लक्षावधी वर्षं मुरलेलं हे खारट पाणी आपल्याबरोबर बेरियम, आर्सेनिक, कधी किरणोत्सारी रेडियमही आणतं. ते एकतर पुन्हा खडकात दाबतात, नाहीतर थोडंफार साफ करून समुद्रात सोडतात. समुद्रात सोडायच्या पाण्यासाठी आपल्याकडच्या मापदंडातला ठळक आकडा आहे तेलाचा, लिटरमागे 40 मिलिग्रॅमचा. विहीर खणताना वापरायच्या चिखलाचंही असंच. तो जड व्हावा म्हणून त्यात बराइटची पूड घालतात, आणि बराइटच्या मोठ्या साठ्यांपैकी एक आपल्या शेजारी आंध्रात, पूर्वीच्या कडप्पा जिल्ह्यातल्या मंगमपेटला आहे. बराइटमध्ये पारा किलोमागे 1 मिलिग्रॅम आणि कॅडमियम 3 मिलिग्रॅम यापेक्षा जास्त नको, असा नियम अमेरिकेने 1993 मध्ये केला आणि भारतानेही तेच आकडे घेतले. आर्सेनिकचा आकडा त्यात नाही. नियम करणाऱ्यांचं उत्तर असं, की पारा आणि कॅडमियम कमी असलेलं बराइट निवडलं की बाकीचे धातू आपोआप कमी होतात. हे बऱ्याच अंशी खरं आहे आणि स्वस्तही आहे. पण कुणाच्या तरी पाठीवर बसून मोजलं जाणारं विष आणि स्वतःच्या नावाने मोजलं जाणारं विष, यात फरक पडतो. पहिल्याची नोंदच होत नाही, त्यामुळे पुढे कधी ते सापडलं तर ते कुठून आलं हे सांगायला वहीत पान नसतं.

आपल्या भागात हा मळ उतरल्याचं सर्वांत ढळढळीत उदाहरण तेलविहिरीपाशी घडलं नाही. ते घडलं गोव्यात. मुरगाव तालुक्यात, वेळसांवच्या वाळूच्या किनाऱ्याच्या वरच्या पठारावर, झुआरीनगरचा खत कारखाना 1973 मध्ये सुरू झाला. कच्चा माल नाफ्ता, म्हणजे तेलशुद्धीचं एक हलकं उत्पादन. त्याच्यापासून हायड्रोजन, हायड्रोजनपासून अमोनिया, अमोनियापासून युरिया. सुरुवातीच्याच काळात किनाऱ्याला मेलेली मासळी लागू लागली. रापणीवर पोट असलेले रापणकार आणि वेळसांवचे गावकरी उठले, आणि मातान्ही साल्ढाणा यांच्यासारखे कार्यकर्ते त्या लढ्यातूनच पुढे आले. सांडपाण्यात दोन गोष्टी होत्या, अमोनिया आणि आर्सेनिक. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी गोव्याच्या किनाऱ्यावरच्या आणि खाड्यांतल्या जीवांत आर्सेनिक, तांबं, जस्त आणि मँगनीज किती आहे हे मोजून 1976 मध्ये प्रसिद्ध केलं. देशाचा जलप्रदूषणविरोधी कायदा 1974 चा, म्हणजे कारखाना कायद्याहून थोरला. (आपल्याकडे हा क्रम काही नवा नाही.)

खतात आर्सेनिकचं काय काम, असं कुणी विचारील. उत्तरात एक विचित्र उलटापालट आहे. नाफ्ता किंवा वायू वाफेबरोबर फोडला की हायड्रोजनसोबत कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो काढल्याशिवाय अमोनिया होत नाही. गरम पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात तो शोषला जातो, पण सावकाश. व्हेनिसच्या परिसरात काम करणाऱ्या ज्युसेप्पे जम्मार्को या रसायनतज्ज्ञाने दाखवलं, की त्या पाण्यात सोमल घातला की शोषण कितीतरी झपाट्याने होतं. जम्मार्को-व्हेट्रोकोक या नावाने ही पद्धत जगभर पसरली, खतात आणि वायुशुद्धीतही. म्हणजे एकीकडे वायूतून आर्सेनिक काढायला टाक्या, आणि दुसरीकडे वायू धुवायला आर्सेनिकच. अशा कारखान्यात टनावारी सोमल पाण्यात विरघळून फिरत असतो, आणि गळती, धुलाई, दुरुस्ती यांतला वाटा सांडपाण्यात जातो. जात नाही तोवर तो शोषणाच्या मनोऱ्यात असतो, इतकंच. इटलीच्या दक्षिणेत मान्फ्रेदोनियाला तो मनोराच फुटला, 26 सप्टेंबर 1976 रोजी. सरकारी तेलसमूहाच्या त्या पेट्रोरसायन कारखान्यातून किमान 10 टन, काही अंदाजांनुसार 30 टनांहून जास्त आर्सेनिक शेतांवर आणि वस्तीवर पडलं. त्याच जुलैमध्ये इटलीतच सेव्हेसोची डायॉक्सिन-गळती झाली होती आणि साऱ्या जगाच्या वर्तमानपत्रांना डायॉक्सिन हा शब्द पाठ झाला होता. मान्फ्रेदोनिया मात्र इटलीबाहेर कुणाला फारसं आठवत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. ही खताची गोष्ट झाली, तेल-वायूची कुठे? पण कच्चा माल तेलाचा, पद्धत वायू धुण्याची, आणि कचरा तोच. कारखान्याच्या फाटकावरची पाटी बदलली म्हणून साखळी तुटत नाही. गोव्याचाच पुढचा इतिहास पाहा. सोमलाच्या जागी ग्लायसिन नावाचं निरुपद्रवी रसायन वापरूनही ते काम होतं हे सिद्ध झालं, म्हणजे विष अपरिहार्य कधीच नव्हतं. आणि 2013च्या सुमारास झुआरीनगरने नाफ्ता सोडून वायू घेतला, तो दाभोळ-बंगळूर वाहिनीला बेळगाव जिल्ह्यातून फुटलेल्या फाट्यावरून. हुबळीच्या ज्योतीची आणि वेळसांवच्या वरच्या पठाराची आता एकच नाळ आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. भारतात आर्सेनिकने माणसं झिजतात ती गंगेच्या खोऱ्यात, छत्तीसगडमध्ये राजनांदगावकडच्या कौडीकसा गावात, नाहीतर कर्नाटकात यादगीर जिल्ह्यातल्या किरदळ्ळी तांड्यावर. यांपैकी एकही ठिकाण तेलाचं नाही. बंगालात विष हिमालयाच्या गाळातून आलं, कौडीकशात जुन्या ज्वालामुखीच्या खडकातून, किरदळ्ळीत सोन्याच्या जुन्या खाणीच्या परिसरातून. शिवाय समुद्राच्या पाण्यातही आर्सेनिक असतंच, लिटरमागे एक-दोन मायक्रोग्रॅम, आणि मासळीतलं बहुतेक आर्सेनिक आर्सेनोबीटेन या जवळजवळ निरुपद्रवी रूपात असतं. 1977 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शेवंडांत ते ओळखलं गेलं. म्हणून मासे खाऊ नका असं कुणी म्हणत असेल तर ते चूक. हे सगळं मान्य. तेल-वायूचा वाटा एकूण आर्सेनिकच्या दुःखात लहान आहे, यात शंका नाही. पण बंगालात विष कसं सुटलं हे समजून घेतलं, की हाच आक्षेप उलटून तेलाकडे येतो.

बंगालच्या गाळात आर्सेनिक मोकळं नाही, ते लोखंडाच्या गंजाला चिकटून बसलेलं आहे. गंज आहे तोवर ते हलत नाही. पण गाळात पाल्यापाचोळ्याचा कुजलेला थर असेल, तर तो खाणाऱ्या जिवाणूंना श्वासाला प्राणवायू लागतो, आणि तो संपला की ते श्वासासाठी गंजातलं लोखंडच वापरू लागतात. गंज विरघळतो, लोखंड पाण्यात उतरतं आणि त्याच्या पाठीवर बसलेलं आर्सेनिकही. आता त्या पाचोळ्याच्या जागी पेट्रोल ठेवून पाहा. जिवाणूंना दोन्ही सारखंच अन्न. हे नुसतं तर्काचं नाही. अमेरिकेत मिनेसोटातल्या बेमिजी गावाजवळ 20 ऑगस्ट 1979 रोजी कच्च्या तेलाची वाहिनी फुटली. सुमारे 17 लाख लिटर तेल सांडलं, बरंच उपसलं, तरी चारेक लाख लिटर जमिनीतच राहिलं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने ती जागा मुद्दाम प्रयोगशाळेसारखी जपली आणि निसर्ग आपण होऊन तेल कसं पचवतो याचा दशकानुदशकं अभ्यास केला. निसर्ग पचवतो हे खरं ठरलं. पण 2015-16 मध्ये इझाबेल कोझारेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली मोजमापं अशी, की तेलाने दूषित झालेल्या भूजलात आर्सेनिक लिटरमागे 230 मायक्रोग्रॅमपर्यंत चढलं होतं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा, जागतिक आरोग्य संघटनेची आणि आपल्या भारतीय मानकाचीही, 10 आहे. ते आर्सेनिक सांडलेल्या तेलातून आलं नव्हतं, तिथल्या साध्या वाळू-मातीत आधीपासून होतं आणि कुणाच्या वाटेला जात नव्हतं. तेलाने फक्त कुलूप उघडलं.

यामुळे प्रश्नाचं तोंडच बदलतं. तेलात सोमल किती, हे विचारून भागत नाही, तेल जिथे मुरतं तिथल्या मातीत सोमल किती आणि तो कशाने धरून ठेवला आहे, हे विचारावं लागतं. आणि तेल मुरण्याच्या जागा समुद्रात कमी, शहरात जास्त आहेत. जमिनीखालच्या टाक्या, पंप, टँकर रिकामे करण्याच्या जागा, गॅरेजमागचं काळं ओलं अंगण. 2013 मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेठेत जमिनीखालच्या वाहिनीतून तेल गळलं आणि ते लोकांच्या बोअरवेलमध्येच वर आलं. हुबळी-धारवाड ज्या खडकावर बसलं आहे, त्याच खडकमालिकेला भूगर्भशास्त्रात धारवाड हे नाव आहे. तिथून सुमारे 60 किलोमीटरवर गदगच्या कप्पतगुड्डाच्या डोंगरांत सोन्याच्या शिरा आहेत आणि त्यांत सोन्याबरोबर आर्सेनोपायराइट, म्हणजे लोखंड, आर्सेनिक आणि गंधक यांचं खनिज. लॅमिंग्टन रोडच्या पाण्यात विष आहे असा दावा इथे नाही, गदगची शीर हुबळीखाली येते असंही नाही. मुद्दा इतकाच, की लोखंडाने भरलेला, इकडेतिकडे आर्सेनिक राखून असलेला हा मुलूख आहे. वरची काळी माती चिकण आहे, ती तेल अडवील असं वाटतं. पावसाळ्यात अडवतेही. पण उन्हाळ्यात हीच माती हात जाईल एवढ्या भेगा टाकते, फुगते-आकसते आणि पुरलेल्या नळांचे सांधे ओढते.

बोअरच्या पाण्याची एक खूण कुणालाही घरी पाहता येते. पंप सुरू केल्यावर काचेच्या पेल्यात पाणी नितळ दिसतं. तासाभरात ते पिवळसर होतं, सकाळपर्यंत तळाशी गंजाचा लालसर गाळ आणि वर रंगीत तवंग. तवंग पाहून लोक म्हणतात, पाण्यात तेल आहे. काडीने तो हलवावा. काचेसारखे कोन असलेले तुकडे होऊन तो फुटला आणि तसाच राहिला तर तो लोखंडावर जगणाऱ्या जिवाणूंचा. काडी काढताच पुन्हा सांधला तर तेलाचा. पहिल्या प्रकारात लोक निर्धास्त होतात, आणि गंमत अशी, की काळजी तिथेही संपत नाही. लोखंड विरघळून आलं म्हणजे खाली प्राणवायू संपलेला आहे, गंज सुटतो आहे. आर्सेनिक असेल तर त्यालाही हीच वाट. एक बाजू दिलाशाची: हवा लागून लोखंड पुन्हा गंजलं की आर्सेनिकचा मोठा वाटा त्या लाल गाळालाच चिकटतो, म्हणून असं पाणी ठेवून, निवळून, गाळून घेण्याची जुनी सवय वेडगळ नव्हती. गाळ मात्र बागेत ओतू नये.

शेवटचा आक्षेप खर्चाचा. प्रत्येक गळतीपाशी प्रत्येक धातू कोण मोजणार? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी 2020 मध्ये नव्या पेट्रोलपंपांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत शाळा, दवाखाने आणि वस्ती यांपासून 50 मीटर अंतराची अट आहे. गळतीचा विचार झाला की डोळ्यांपुढे बेंझिन येतं, आणि ते योग्यच आहे, बेंझिन कर्करोग देतं. पण बेंझिन तेलाबरोबर येतं आणि जिवाणू खातील तसं कमी होतं. आर्सेनिक नेमकं त्याच वेळी वर चढतं, जेव्हा बेंझिनचे आकडे उतरू लागलेले असतात आणि फाइल बंद करायची वेळ आलेली असते. त्याची चाचणी फार महाग नाही. जस्ताची पूड आणि आम्ल घातलेल्या बाटलीच्या तोंडाशी मर्क्युरिक ब्रोमाइडची कागदी पट्टी धरतात, पट्टी पिवळी किंवा तपकिरी झाली की आर्सेनिक आहे. बंगालच्या खेड्यापाड्यांत लाखो नलिकाकूपांवर अशाच पट्ट्या वापरल्या गेल्या. बेमिजीला मोजणाऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसली. सुटलेलं आर्सेनिक सगळं पाण्यात राहत नाही. दूषित भूजलाचा पट्टा जिथे संपतो, त्या सीमेवर प्राणवायू पुन्हा भेटतो, लोखंड पुन्हा गंजतं, आणि आर्सेनिक तिथल्या वाळूवर थराने बसतं. पट्टा पुढे सरकला की ती सीमा मागे पडते, तिथला प्राणवायू पुन्हा संपतो, आणि साठलेलं आर्सेनिक पुन्हा सुटून पुढच्या विहिरीकडे निघतं.